आमचे वळ अदखलपात्र

मनूनं दरपत्रक उघड लावलं होतं. क्षत्रियानं ब्राह्मणाला शिवी दिली तर शंभर पण दंड. पण म्हणजे तेव्हाचं नाणं. वैश्यानं दिली तर दीडशे नाहीतर दोनशे. शूद्रानं दिली तर नाणंबिणं नाही, थेट अंगावर शिक्षा. आणि ब्राह्मणानं शूद्राला दिली तर? बारा पण, झालं. शूद्राला ठार मारलं तर प्रायश्चित्त किती? मांजर, मुंगूस, बेडूक नाहीतर कुत्रं मारल्यावर जेवढं, तेवढं. गुन्हा तोच. तो लहान की मोठा हे मात्र कुणी केला आणि कुणावर केला, यावर ठरायचं.

२५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांनी महाडात ती पोथी जाळली. तिच्याबरोबर हे दरपत्रकही जळालं असं आपण धरून चाललो. मित्रांनो, पोथी जळाली. दरपत्रक दुसऱ्या वहीत उतरवून घेतलेलं होतं.

ती वही कोणती ते सांगतो. मी वकील नाही. गिरणीत पाळी संपल्यावर जुन्या बाजारातून आणलेली कायद्याची पुस्तकं वाचतो. पण हे समजायला वकील व्हावं लागत नाही, डोळे उघडे असले की पुरतं.

इंग्रजांचं दंडविधान १८६० साली झालं, १ जानेवारी १८६२ पासून लागू झालं. त्यात जात नव्हती. मारणारा कोण, मार खाणारा कोण, कलम एकच. पांढरपेशे वकील हेच आपल्या तोंडावर फेकतात. कायद्यापुढं सगळे सारखे, म्हणतात. ठीक आहे, कलमापुढं सगळे सारखे. मग गावात पाटलाच्या पोराला थप्पड बसली तर तासाभरात जीप येते, आणि आपल्या वस्तीत डोकं फुटलं तरी हातात एक चिठ्ठी येते, ही जादू कुठं घडते? ती कलमात घडत नाही. ती रकान्यात घडते.

फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३ ची. १ एप्रिल १९७४ पासून ती पन्नास वर्षं चालली. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता. पाट्या बदलल्या, कलमांचे आकडे बदलले. पण प्रक्रियेच्या पुस्तकाच्या शेवटी जे परिशिष्ट होतं, पहिली अनुसूची, ते तसंच राहिलं. आपल्यातल्या किती पोरांनी ते उघडून बघितलंय? मोर्च्यात घसा फाटेस्तोवर ओरडणाऱ्यांना मी विचारतोय. ओळीओळीनं गुन्हे लिहिलेत. पुढं शिक्षा. त्यापुढं दोन रकाने. एक, दखलपात्र की अदखलपात्र. दुसरा, जामीनपात्र की अजामीनपात्र. आणि शेवटी कुठल्या कोर्टात चालणार ते.

दखलपात्र म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतो, स्वतः तपास करू शकतो, एफ.आय.आर. लिहावीच लागते. अदखलपात्र म्हणजे वहीत एक नोंद आणि हातात तिची नक्कल. ठाण्याच्या भाषेत एन.सी. न्यायदंडाधिकाऱ्याचा हुकूम आणल्याशिवाय पोलीस तपासाला हात लावणार नाही. म्हणजे ज्याचं अंग सुजलंय त्यानंच मजुरी बुडवून कोर्टाचे जिने चढायचे.

कुणी म्हणेल, हलके गुन्हे अदखलपात्र, भारी गुन्हे दखलपात्र, यात वाईट काय? मग ते परिशिष्ट वाचा आणि हलकं-भारी कुठल्या तराजूत तोललंय ते बघा.

जुनं कलम ३२३, साधी दुखापत. एक वर्षापर्यंत शिक्षा. अदखलपात्र, जामीनपात्र. जुनं ५०४, भांडण पेटावं म्हणून केलेला अपमान. दोन वर्षांपर्यंत. अदखलपात्र, जामीनपात्र. जुनं ५०६, धमकी. ठाण्यात ही तीन कलमं एका दमात म्हणतात, तीनशेतेवीस पाचशेचार पाचशेसहा, पाढा म्हटल्यासारखी. वस्तीवरच्या माणसाच्या आयुष्यात जे काही घडतं त्यातलं बारा आणे या पाढ्यात बसतं. मारलं, शिव्या दिल्या, पुन्हा दिसलास तर बघून घेईन म्हणाले. बसलं पाढ्यात. जा घरी.

आता जुनं ४२९ बघा. कुणाचा बैल, गाय, म्हैस, घोडा मारला किंवा लुळा केला, नाहीतर पन्नास रुपयांच्या वरचं कुठलंही जनावर, तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आणि गुन्हा दखलपात्र. म्हणजे मालकाच्या बैलाचा पाय मोडला तर पोलीस आपणहून निघणार. त्याच बैलामागं राबणाऱ्या गड्याला चाबकानं फोडला आणि हाड मोडलं नाही, तर पोलीस वही काढणार. विद्वान सांगतील की ते कलम मालमत्तेच्या नुकसानीचं आहे, हे शरीराचं, तुलना चुकीची. अहो, तेच तर म्हणतोय मी. बैल कुणाच्या तरी मालकीचा आहे म्हणून त्याच्या अंगाला किंमत आहे. गड्याचं अंग गड्याच्याच मालकीचं, म्हणून ते साधं.

चोरीचं घ्या. जुनं ३७९, तीन वर्षांपर्यंत, दखलपात्र आणि अजामीनपात्र. दीडशे वर्षं भाकरी चोरणारा पोरगा वॉरंटशिवाय आत जात होता आणि त्याचं तोंड फोडणारा मालक जामिनाचा हक्क घेऊन घरी. नव्या कायद्यानं पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र करून टाकली. वर वर बघता बरं वाटतं, की गरीब पोरं वाचतील. पण उलट बाजूनं बघा. आपल्या झोपडीत पाच हजारांच्या वरची वस्तू किती घरांत आहे? भांडी गेली, शिलाई मशीन गेलं, जुना मोबाईल गेला, तर पोलीस म्हणणार, अदखलपात्र, जा. बंगल्यातली चोरी दखलपात्र राहिली. खोपटातली उतरली.

शिक्षा जास्त तो गुन्हा भारी असं म्हणावं, तर तेही परिशिष्टात टिकत नाही. बायको असताना दुसरी करणं, सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि अदखलपात्र. रस्त्यावर बेफाम गाडी हाकणं, जुन्या कायद्यात सहा महिने आणि दखलपात्र. मग दखलपात्रची व्याख्या काय? कायदा सांगतो, ज्या गुन्ह्यात या परिशिष्टाप्रमाणं किंवा दुसऱ्या कायद्याप्रमाणं पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतो, तो. संपलं. गुन्हा किती वाईट, हे त्या व्याख्येत कुठंच नाही. राज्याला कशात हात घालायचाय आणि कशातून हात झटकायचाय, याची ही यादी. आपल्या पाठीवरचे वळ हात झटकायच्या बाजूला पडले.

आता जबर दुखापत. ती दखलपात्र, सात वर्षांपर्यंत. पण जबर कशाला म्हणायचं? जुन्या कलम ३२० मध्ये आठ प्रकार. डोळा गेला, कान गेला, अवयव गेला, हाड किंवा दात मोडला, चेहरा कायमचा विद्रूप झाला, असे. शेवटचा प्रकार, जीव धोक्यात घालणारी जखम, किंवा जिच्यामुळं माणूस वीस दिवस तीव्र वेदनेत राहिला किंवा नेहमीची कामं करू शकला नाही ती. नव्या संहितेत वीसचे पंधरा दिवस केले.

या वीस दिवसांवर जरा थांबा. मार खाल्लेला माणूस वीस दिवस कामावर गेला नाही तर दुखापत जबर. तिसऱ्या दिवशी गेला तर साधी. आता सांगा, बिगारी, ऊसतोडीवाला, बदली कामगार, हातगाडी ओढणारा वीस दिवस घरी पडून राहू शकतो का? पंधरा तरी? तो तिसऱ्या दिवशी हळद लावून, दात चावून पाळीला उभा राहतो, कारण चूल थांबत नाही. आणि कायदा म्हणतो, बघा, काम करतोय, म्हणजे लागलं नव्हतं फारसं. ज्याला पगारी रजा आहे त्याची जखम जबर होऊ शकते. ज्याचं पोट हातावर आहे त्याची नाही. हे कुणी मुद्दाम आपल्याविरुद्ध लिहिलं असं मी म्हणत नाही. लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढं आपण नव्हतोच, एवढंच म्हणतो.

मरणाचंही वर्गीकरण आहे. गटारात उतरवलेला माणूस गुदमरून मेला की कागदावर बहुतेक वेळा काय येतं? हयगयीनं मृत्यू, जुनं ३०४-अ. दोन वर्षांपर्यंत शिक्षा, जामीनपात्र. नव्या संहितेत पाच वर्षं केली, पण जामीनपात्रच ठेवलं. २०१३ च्या कायद्यानं साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं हाच गुन्हा केला, दखलपात्र आणि अजामीनपात्र. पण ते कलम लावायचं म्हणजे ठेकेदाराच्या वरच्या साहेबापर्यंत जावं लागतं. त्यापेक्षा हयगय बरी. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली अशा मरणाला दहा लाख भरपाई ठरवली, २०२३ साली तीस लाख. भरपाई वाढली ते चांगलंच झालं. पण मरणाचं नाव ‘हयगय’ असंच राहिलं. उतरवताना कुणाची जात बघून उतरवला होता, ते त्या नावात येत नाही.

आता ठाण्याच्या टेबलाकडं या. आमच्या फोल्डिंग खात्यात कापड तपासायचं टेबल असतं. ठाण येतं, टेबलावरचा माणूस नजर फिरवतो आणि शिक्का मारतो, चांगला माल, सेकंड, नाहीतर चिंधी. एकदा चिंधीत गेलं की ते किती घट्ट विणलं होतं हे पुढं कुणी विचारत नाही. पोलीस ठाण्याचं टेबल असंच. मुंबईत हायकोर्ट असेल, दिल्लीत सुप्रीम कोर्ट असेल, पण आपल्या माणसाचा पहिला न्यायाधीश तिथं बसलेला ठाणे अंमलदार. त्याचं पेन ज्या रकान्यात पडतं तिथं केस जगते नाहीतर मरते.

हे पेन कसं चालतं ते तुम्हाला पाठ आहे. म्हातारा सांगतो, “साहेब, जातीवरून शिव्या दिल्या, मारलं, विहिरीवर येऊ नको म्हणले.” अंमलदार विचारतो, “कशावरून भांडण झालं?” म्हातारा म्हणतो, “पाण्यावरून.” कागदावर उतरतं, पाण्याच्या कारणावरून शाब्दिक बाचाबाची होऊन शिवीगाळ व हाताबुक्क्यांनी मारहाण. जात कुठं गेली? शाईत आलीच नाही. म्हाताऱ्याचा अंगठा खाली. तीनशेतेवीस पाचशेचार पाचशेसहा. वरून दोन्हीकडच्यांवर चॅप्टर केस, म्हणजे मारणारा आणि मार खाणारा दोघंही शांतता भंग करणारे. संध्याकाळी सरपंच येतो आणि म्हणतो, मिटवून घ्या. ही कलमं आपसात मिटवण्याजोगीच आहेत. १५ ऑगस्ट २००७ पासून तर राज्यात तंटामुक्त गाव मोहीम आली. गावाला बक्षीस. आमच्या वस्तीचं तोंड दाबून गाव तंटामुक्त झालं आणि वेशीवर कमान लागली, असं किती ठिकाणी झालं ते ज्यानं त्यानं आपल्या तालुक्यात आठवावं.

तो एक शब्द, जातीचा, अंमलदार का गाळतो? तो अडाणी नाही. त्याला परिशिष्ट तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. चार लोकांसमोर जातीवरून अपमान केला हे कागदावर आलं, की १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा लागतो. तो ३० जानेवारी १९९० पासून अमलात आहे. सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा. दखलपात्र. अटकपूर्व जामीन नाही. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या माणसाकडं नाही. आणि प्रक्रियेच्या पुस्तकात आणखी एक ओळ आहे, जुनं १५५ पोटकलम ४, नवं १७४ पोटकलम ४. एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील आणि त्यातला एक जरी दखलपात्र असेल, तर सगळं प्रकरण दखलपात्र. म्हणजे तो एक शब्द कागदावर आला, की त्या शब्दाबरोबर थप्पड उठते, धमकी उठते, शिवी उठते. म्हणून तो शब्द गाळायचा. आपली सगळी लढाई त्या एका शब्दासाठी आहे.

आणि ज्यानं तो गाळला त्याचं काय? ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ४ आहे. सरकारी नोकरानं मुद्दाम कर्तव्यात कसूर केली तर सहा महिने ते एक वर्ष. पण त्याच्यावर आरोप ठेवायला आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. आता परिशिष्टाच्या दुसऱ्या भागात या. विशेष कायद्यांतल्या गुन्ह्यांसाठी तिथं नियम दिलाय, शिक्षा तीन वर्षांच्या आत असेल तर अदखलपात्र, जामीनपात्र. मोजा बोटांवर. आपला दखलपात्र गुन्हा दाबणाऱ्याचा गुन्हा अदखलपात्र! यावर हसावं की भिंतीवर डोकं आपटावं?

आता माझं खरं भांडण. ते पोलिसांशी नाही, ते जुनंच आहे. माझं भांडण आपल्याच सभांतल्या एका घोषणेशी आहे. कुठं अत्याचार झाला की आपले पुढारी माइक धरतात आणि म्हणतात, फाशी द्या. पोरं ओरडतात, फाशी द्या. टाळ्या. फोटो. पुढारी गाडीत. शिक्षा किती, हा शेवटचा रकाना झाला. पहिले दोन रकाने आपण सोडून देतो.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. त्याच्या आधी सप्टेंबरमध्येच एक मारहाण झाली होती, तिच्यात या घरातल्या बायांनी साक्ष दिली म्हणून राग होता. त्या मारहाणीतले आरोपी २९ तारखेलाच जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी गाव चालून आलं. नीट बघा, चार खुनांच्या आधी एक जामीन आहे. ती आधीची मारहाण जड हातानं लिहिली असती, आरोपी आत राहिले असते, तर? या प्रश्नाला घोषणा नाही म्हणून आपण तो विचारत नाही.

पुढं काय झालं? सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. आपण फटाके लावले. पण त्याच निकालात ॲट्रॉसिटीची कलमं टिकली नाहीत. कोर्टाच्या लेखी ते जातीमुळं झालेलं नव्हतं, सूडापोटी झालेलं होतं. जुलै २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं फाशी रद्द करून पंचवीस वर्षं केली, आणि जात तिथंही नाकारली. म्हणजे देशातली सर्वांत मोठी शिक्षा मिळाली तेव्हासुद्धा गुन्ह्याचं नाव मिळालं नाही. आपण फाशी मागितली, त्यांनी फाशी दिली आणि जात काढून घेतली. सौदा कुणाला पडला?

फाशीच्या घोषणेनं आणखी एक नुकसान होतं. गुन्हा म्हणजे फक्त खून आणि बलात्कार असं आपलंच डोकं मानायला लागतं. रोजचं जे आहे, घोड्यावरून वरात काढली म्हणून मारणं, मिशी ठेवली म्हणून मारणं, बाबासाहेबांचं गाणं मोबाईलवर वाजलं म्हणून मारणं, ते आपल्यालाच किरकोळ वाटू लागतं. ज्या दिवशी कार्यकर्ता म्हणतो, “एन.सी.च आहे ना, सोड,” त्या दिवशी त्यानं मनूच्या दरपत्रकावर सही केली.

दुसरी बाजूही ऐका, ती खरी आहे. काही मित्र म्हणतात, मग सगळंच दखलपात्र करा, सगळंच अजामीनपात्र करा. मी म्हणतो, सांभाळून. वॉरंटशिवाय धरायचा अधिकार पोलिसाच्या हातात दिला की तो पहिला कुणाच्या मानगुटीवर जातो? पारध्याला विचारा. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं तो मुंबई इलाख्यातही आला. तिथं गुन्ह्याचं वर्गीकरणच नव्हतं, माणसाचं होतं. जन्माला आला तोच दखलपात्र आणि अजामीनपात्र. सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत केली. तिथली माणसं दिवसा गिरणीत राबायची आणि हजेरी द्यायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. १९५९ साली मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि नजर तशीच राहिली. तुरुंगाच्या नियमपुस्तकांत तर जातीप्रमाणं काम वाटून द्यायचे नियम होते. ते सुप्रीम कोर्टानं रद्द केले ते ३ ऑक्टोबर २०२४ ला. आत्ता. काल.

आणि जामीनपात्र गुन्हाही आपल्याला कुठं सुखाचा असतो? जामीन हक्काचा, पण जामीनदार कुठून आणायचा? सातबारा कुणाचा आणायचा? कायद्यात आहे की आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही तर तो माणूस गरीब समजून जातमुचलक्यावर सोडावा. किती वकील हे उठून सांगतात? म्हणून माझं मागणं सगळ्यांना आत टाका असं नाही. माझं मागणं आहे की जे घडलं ते त्याच्या नावानं लिहा. जातीचा गुन्हा जातीच्या नावानं लिहा. बाकीचे रकाने त्याच्या मागून येतील.

या मागण्याचीच त्यांना भीती आहे. २० मार्च १९२७ ला आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो. बरोब्बर एक्क्याण्णव वर्षांनी, २० मार्च २०१८ ला, सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात ॲट्रॉसिटी कायद्याला लगाम घातला. अटकेआधी परवानगी, गुन्हा नोंदण्याआधी चौकशी. कारण काय, तर गैरवापर. २ एप्रिलला भारत बंद झाला, रस्त्यावर माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेनं कलम १८-अ घातलं, म्हणजे गुन्हा नोंदायला प्राथमिक चौकशी नको आणि अटकेला परवानगी नको. १ ऑक्टोबर २०१९ ला कोर्टानं आपले ते आदेश मागं घेतले, आणि १० फेब्रुवारी २०२० ला १८-अ कायम केलं. रस्त्यावरची माणसं उठली म्हणून हा कायदा शाबूत राहिला, हे विसरू नका.

गैरवापराची बोंब आजही आहे. म्हणतात, एवढ्या केसेस सुटतात, म्हणजे खोट्या. वा रे न्याय. पहिला कागद तुम्ही पातळ लिहायचा, साक्षीदाराला गावानं पाणी बंद करायचं, पंच गावातलेच घ्यायचे, आणि केस पडली की म्हणायचं खोटी. खुनाच्या केसमध्ये आरोपी सुटला तर माणूस मेलाच नव्हता असं म्हणता का?

आणि जे एन.सी.त गेलं ते तर कुठंच नाही. देशाचे गुन्ह्यांचे आकडे दरवर्षी छापतात. ते दखलपात्र गुन्ह्यांचे असतात. एन.सी.चे वळ त्यात धरत नाहीत. म्हणजे तुमच्या तालुक्यात वर्षभर आपली माणसं मार खात राहिली आणि सगळं पाढ्यात बसवलं, तर दिल्लीच्या पुस्तकात तुमचा तालुका शांत आहे. आपल्यावरच्या अत्याचारांचा आकडा म्हणून जो छापतात, तो त्या टेबलावरून गळून उरलेला आकडा आहे.

तेव्हा पोरांनो, घोषणा द्या, पण आधी हे करा.

ठाण्यात आपला माणूस एकटा जाऊ देऊ नका. जाण्याआधी वस्तीतच कागदावर लिहा. काय शब्द वापरले, जसेच्या तसे, लाज न धरता. कुठं वापरले, कोण कोण ऐकत होतं. ही जागा फार महत्त्वाची आहे. लोकांच्या दृष्टीसमोर घडलं हे आलं नाही तर कलम गळतं. घराच्या चार भिंतींतला अपमान या कलमात बसत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२० साली म्हटलंय. तोंडी सांगितलेलं अंमलदारानं लिहून घ्यायचं, वाचून दाखवायचं, नक्कल फुकट द्यायची. १९९५ च्या नियमांत हे लिहिलंय. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही. जातीचा शब्द कागदावर दिसल्याशिवाय सही नाही.

आधी चौकशी करतो, मग बघू, असं म्हणाले तर १८-अ दाखवा. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की नोंदवलीच पाहिजे, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितलंय. तरी नाही घेतली तर तीच फिर्याद पोस्टानं पोलीस अधीक्षकाला, पावती जपून. तिथंही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्याकडं. मार लागला असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना. हाड-दात दुखत असेल तर एक्स-रे मागा. मोडलेलं हाड सांगितलं नाही तर ते साधंच राहतं. आणि माणूस पंधरा दिवस काम करू शकत नसेल, तर वस्तीनं वर्गणी काढून त्याची चूल पंधरा दिवस चालवावी. ही मदत म्हणू नका, हा पुरावा आहे.

शेवटचं. प्रत्येक वस्तीत एक वही घाला. शंभर पानी, साधी. तीत आपल्या सगळ्या एन.सी. लिहा. तारीख, ठाणं, एन.सी.चा नंबर, आपल्या माणसानं काय सांगितलं, आणि शेजारच्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं. दोन्ही समोरासमोर. वर्षाच्या शेवटी त्या वह्या घेऊन अधीक्षकाच्या दारात बसा, आमदाराच्या दारात बसा, छापा, वाचून दाखवा चौकाचौकात. त्यांच्या परिशिष्टाला आपलं परिशिष्ट.

मनूचं दरपत्रक एका पोथीत होतं म्हणून एका दिवसात जाळता आलं. हे दरपत्रक रोज नव्यानं लिहिलं जातं, एका एका ठाण्यात, एका एका पेनानं. ते जाळता येत नाही. ते रोज, प्रत्येक टेबलावर, हात धरून थांबवावं लागतं.

वही घाला. जय भीम.